नागपूरच्या ऑनलाइन नकाशावर स्वतःचे लेयर: पाणी साचणाऱ्या जागा, झोनच्या सीमा, नाल्यांचा जुना नकाशा

फुटाळाकाठ

तीन गोष्टी एकाच ऑनलाइन नकाशावर चढवायच्या आहेत.

पहिली, पाणी साचणाऱ्या ६४० जागांची एक्सेल शीट, महानगरपालिकेच्या दहाही झोनमधली. दुसरी, झोनच्या सीमांची शेप फाइल (नकाशातले आकार साठवणारी). तिसरी, नाल्यांचा जुना कागदी नकाशा, १:१०,००० चा, ३०० डीपीआयवर स्कॅन केलेला. लिंक पाठवली की फोनवर उघडलं पाहिजे, लेयर, म्हणजे थर, वेगवेगळे चालू-बंद करता आले पाहिजेत आणि पावसाळ्यात चार जण नवीन नोंदी टाकत राहतील.

सध्याची अवस्था: गूगल माय मॅप्समध्ये शीट टाकली तर बऱ्याच ओळींचे ठिपके आलेच नाहीत, आणि जे आले त्यातले काही थेट उत्तर ध्रुवाकडे बर्फात जाऊन बसले. शेप फाइलचं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधून जिओजेसन (वेबसाठीची नकाशा-फाइल) करून यूमॅप या ऑनलाइन नकाशावर टाकलं तर अख्खं नागपूर गुजरातेत, बारडोलीच्या डोक्यावर. स्कॅनला अजून हातच लावला नाही. कोडिंग थोडं जमतं, टाळता आलं तर बरं.

चव्वेचाळीस_उत्तर

बारडोली म्हणालात तिथेच निदान झालं. 😄

यूटीएम या जागा मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीत पृथ्वीच्या ६-६ अंशांच्या उभ्या पट्ट्या असतात. ७२ ते ७८ पूर्व रेखांश ही पट्टी ४३, आणि ७८ ते ८४ ही पट्टी ४४. मुंबई, पुणे, नाशिक, अकोला, अमरावती शहर हे सगळं ४३ मध्ये. वर्धा नदी ओलांडायच्या आधीच ७८ ची रेघ लागते, म्हणून नागपूर ४४ मध्ये. तुमची फाइल मुळात पट्टी ४४ उत्तरची आहे, म्हणजे ईपीएसजी ३२६४४ (अशा पद्धतींच्या यादीतला क्रमांक). तिच्यासोबतची, पद्धत सांगणारी पीआरजे फाइल कुठेतरी गळाली असणार, आणि क्यूजीआयएसने विचारल्यावर कोणीतरी सवयीने ३२६४३ निवडलं. आकडे तेच, पट्टी चुकीची, म्हणून सगळं बरोब्बर ६ अंश पश्चिमेला सरकलं. नागपूरच्या अक्षांशावर १ अंश रेखांश म्हणजे साधारण १०४ किलोमीटर, तेव्हा ही उडी सव्वासहाशे किलोमीटरची. ७९.०९ मधून ६ गेले की उरतात ७३.०९, आणि २१.१ अक्षांशावर तिथे बारडोलीच आहे.

दुरुस्ती:

१. मूळ शेप फाइल पुन्हा उघडा, तुम्ही बनवलेलं जिओजेसन नाही.
२. लेयरवर राइट क्लिक करून 'सेट लेयर सीआरएस' मध्ये ३२६४४ द्या (सीआरएस म्हणजे जागेचे आकडे मोजायची पद्धत). याने आकडे बदलत नाहीत, ते कोणत्या पद्धतीचे आहेत एवढंच सांगितलं जातं.
३. खाली ओपनस्ट्रीटमॅप लावून पाहा. सीमा अंबाझरी, गोरेवाडा, रिंग रोड यांच्याशी जुळायला हव्यात.
४. जुळल्या की मगच 'एक्स्पोर्ट, सेव्ह फीचर्स ॲज', फॉरमॅट जिओजेसन, सीआरएस ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश).

दुसऱ्या आणि चौथ्या पायरीची गल्लत हाच सगळ्यात नेहमीचा घोळ. सीआरएस 'नेमणं' वेगळं आणि 'बदलून घेणं' वेगळं. नेमायच्या जागी बदललं, किंवा बदलायच्या जागी नेमलं, की नकाशा कुठेही पळतो.

ओळखीची खूण लक्षात ठेवा. गुणधर्मांच्या खिडकीत लेयरचा विस्तार पाहायचा. नागपूरचे आकडे पट्टी ४४ मध्ये असतील तर ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर, मीटरमध्ये) ३ लाखांच्या आसपास आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं) २३ लाख ४० हजारांच्या आसपास दिसतं. अंशांत असतील तर ७९ आणि २१. वेब मर्केटर (ऑनलाइन नकाशांची पद्धत), म्हणजे ३८५७, असेल तर पहिला आकडा ८८ लाखांच्या घरात. आकडा पाहिला की पद्धत कळते, कोणाला विचारायची गरज नाही.

संत्राबर्फी

बर्फात गेलेल्या ठिपक्यांचं मी सांगते. तिथे अक्षांश आणि रेखांश उलटे पडलेत. ७९ उत्तर, २१ पूर्व म्हणजे स्वालबार्डचा परिसर. गूगल मॅप्समधून कॉपी केलं की आधी अक्षांश येतो, मग रेखांश. केएमएल (गूगलची नकाशा-फाइल) आणि जिओजेसन फाइलच्या आत उलट, आधी रेखांश. तुमच्या शीटमध्ये दोन्हीकडून उचललेल्या ओळी मिसळल्यात.

जे ठिपके आलेच नाहीत त्यांची कारणं बहुतेक यातली:

देवनागरी आकडे. २१.१४९ असं लिहिलं की माणसाला कळतं, पण नकाशाच्या ॲपला तो मजकूर वाटतो. (या धाग्यातले आकडेही तसेच आहेत, इथून उचलून शीटमध्ये चिकटवू नका.) शोधा-आणि-बदला दहा वेळा चालवा, प्रत्येक आकड्यासाठी एकदा, फक्त त्या दोन कॉलमवर. नावाच्या कॉलमवर चालवलं तरी बिघडत नाही, पण सवय नको.

अंश-मिनिटं-सेकंद. २१ अंश ८ मिनिटं ५९ सेकंद असं लिहिलेलं असेल तर दशांश करा: मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. इथे २१.१४९७ येतं.

व्हॉट्सॲपवरून आलेली न दिसणारी जागा. साधं ट्रिम फंक्शन ती काढत नाही, कारण तो नेहमीचा स्पेस नसतो, कॅरेक्टर १६० असतो. सब्स्टिट्यूट वापरून कॅरेक्टर १६० रिकामा करा, मग ट्रिम.

एकाच चौकटीत दोन्ही आकडे, मध्ये स्वल्पविराम. 'स्प्लिट टेक्स्ट टू कॉलम्स' ने वेगळे करा.

एक झटपट तपासणी: कॉलमची अलाइनमेंट काढून टाका. खरे आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे राहतो. डावीकडे राहिलेली प्रत्येक ओळ दुखणाईत. मग एक नवा कॉलम घेऊन अट लावा: अक्षांश २०.९ ते २१.४ आणि रेखांश ७८.९ ते ७९.३ यांच्या बाहेर असेल तर 'चूक'. महानगरपालिकेची हद्द आणि लगतचा भाग यात आरामात बसतो. ६४० पैकी किती 'चूक' आल्या ते दोन मिनिटांत समजेल.

अजून एक जागा फसवी आहे. दशांशानंतर किती घरं? ४ घरं म्हणजे ११ मीटरची अचूकता, ५ घरं म्हणजे १ मीटरच्या जरा वर. ३ घरांवर थांबलेली नोंद १०० मीटर इकडेतिकडे असू शकते, म्हणजे महालातल्या गल्ल्यांत चार गल्ल्या सोडून. तशा ओळींना वेगळा रंग द्या, खोट्या शून्यांनी त्या भरू नका.

आणि एक्सेलमध्ये आकड्याची चौकट खाली ओढायची नाही. कंट्रोल दाबून किंवा 'फिल सिरीज' ने ओढली, तर आकडा एकेकाने वाढत जातो आणि ठिपके रांगेत उत्तरेला चालू लागतात. हे खूप ठिकाणी होतं आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

फुटाळाकाठ

८७ ओळी 'चूक' निघाल्या. ५२ मध्ये देवनागरी आकडे, बाकी उलट्या. सीमाही जागेवर आल्या, धन्यवाद चव्वेचाळीस भाऊ. पण आता शेप फाइलमधली झोनची नावं कचरा दिसत आहेत. धरमपेठच्या जागी नुसती चिन्हं. आणि कॉलमचं नाव 'झोन' एवढंच उरलं, मूळ 'झोनचे नाव' असं होतं म्हणे.

संत्राबर्फी

शेप फाइलमध्ये कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट खातं, मात्रासुद्धा वेगळे ३. म्हणजे तीन अक्षरचिन्हांत खेळ खलास: झ, ओकार, न. मजकुराच्या चौकटीला २५४ बाइट, म्हणजे देवनागरीत ८४ चिन्हं. कॉलमची नावं रोमन लिपीत ठेवा आणि आतली माहिती मराठीत. किंवा शेप फाइलच सोडा आणि जिओपॅकेज हा नवा फाइल-प्रकार घ्या, हे प्रश्नच येत नाहीत.

चिन्हांच्या कचऱ्याची दोन कारणं असतात, आधी कोणतं ते ओळखा. क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या सोर्समध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करून पाहा. नावं आली तर काम झालं, एन्कोडिंग सांगणारी सीपीजी फाइल हरवली होती एवढंच. नाही आली आणि रोमन अक्षरं-कंस-चिन्हं यांची खिचडी दिसली, तर माहिती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती युनिकोड नाहीच. एन्कोडिंग कितीही बदला, फरक पडणार नाही, कन्व्हर्टरमधूनच काढावी लागेल. पण दहाच झोन आहेत ना, मग हातानेच टाइप करा: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. झाले.

एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय. नुसतं 'सीएसव्ही' निवडलंत तर मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

खर्राबंद

आता कुठे टाकायचं ते ठरवा, नाही तर नंतर सगळं उचलून न्यावं लागते.

माय मॅप्स: एका नकाशात १० लेयर, एका आयातीत २००० ओळी. तुमच्या ६४० आरामात मावतात. सीएसव्ही, एक्सेल, केएमएल, जीपीएक्स घेते. जिओजेसन घेत नाही, म्हणून सीमा केएमएल करून द्याव्या लागतील. शीटमध्ये बदल केला की नकाशा आपोआप बदलत नाही, लेयर पुन्हा आयात करा. पावसाळ्यात रोज कोण करणार? शिवाय स्कॅनची टाइल, म्हणजे चित्राचे छोटे चौकोनी तुकडे, लावायची सोय नाही. तुमच्या कामाला बाद.

आणि माय मॅप्सला अक्षांश-रेखांशाऐवजी पत्त्याचा कॉलम दाखवू नका. 'सदर', 'गांधीबाग', 'इतवारी' असल्या नावांच्या जागा दुसऱ्याही गावांत आहेत, तो कोणती उचलेल भरोसा नाही.

यूमॅप: ओपनस्ट्रीटमॅपवर चालते, फुकट, कोड नाही. जिओजेसन, केएमएल, जीपीएक्स, सीएसव्ही सगळं घेते. सगळ्यात कामाचं म्हणजे 'रिमोट डेटा', लेयर बाहेरच्या लिंकवरून माहिती ओढतो. स्वतःची टाइलही लावता येते. लॉगिन न करता नकाशा बनवला तर संपादनाची गुप्त लिंक मिळते, ती त्याच वेळी जपून ठेवा. गेली तर नकाशा तुमच्या हातातून गेला.

लीफलेट: स्वतःचं पान, थोडं जावास्क्रिप्ट. यूमॅप कमी पडलं तरच.

माझं मत यूमॅप. ६४० ठिपक्यांसाठी सर्व्हर, डेटाबेस, जिओसर्व्हर उभं करायचं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं होय.

चव्वेचाळीस_उत्तर

यूमॅपला माझंही मत. फक्त सीमांची फाइल हलकी करून टाका. कॅडमधून (आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमधून) आलेल्या सीमांत वळणावळणाला बिंदू असतात, दहा बहुभुजांचीच फाइल कित्येक एमबी होते आणि फोन गुदमरतो. मॅपशेपर या संकेतस्थळावर फाइल ओढून टाका, 'सिम्प्लिफाय' मध्ये १० ते १५ टक्क्यांवर आणा. क्यूजीआयएसमधलं साधं सिम्प्लिफाय वापरू नका. ते प्रत्येक बहुभुज सुटा धरून साधा करतं, मग धरमपेठ आणि लक्ष्मीनगरच्या मधल्या सामाईक रेषेत फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग दिसतात. मॅपशेपर सामाईक सीमा एकच मानतो. एक्स्पोर्ट करताना प्रिसिजन ०.००००१ द्या, म्हणजे १ मीटर. झोनच्या सीमेला याहून जास्त लागत नाही.

आधी क्यूजीआयएसमधलं 'फिक्स जिओमेट्रीज' चालवून घ्या. स्वतःलाच छेदणारा एखादा बहुभुज निघतोच.

फुटाळाकाठ

यूमॅपवर ठिपके आणि सीमा दोन्ही आल्या. आता स्कॅन. नाल्यांचा नकाशा कागदावर हाताने काढलेला आहे, घडीच्या रेषा आहेत, उत्तर दिशाही जराशी तिरपी.

टाचणी

क्यूजीआयएसचं जिओरेफरन्सर वापरा, ते स्कॅनवरचे बिंदू खऱ्या जागांशी जुळवून कागद नकाशावर बसवतं. गणितात पहिल्या घाताच्या पॉलिनॉमियलला (बहुपदीला) ३ बिंदू पुरतात, दुसऱ्याला ६. पण ३ बिंदूंवर चूक कधीच दिसत नाही, कारण ३ बिंदूंतून ते नेहमी बिनचूक बसतं. किमान १० ते १२ घ्या. चार कोपऱ्यांकडे, कडांना आणि मध्ये, सगळीकडे पसरलेले. सगळे बिंदू सीताबर्डीच्या अवतीभवती घेतले तर बर्डी छान बसेल आणि पारडी-वाठोडा अर्धा किलोमीटर वाहून जाईल.

बिंदू कशाचे घ्यायचे हे महत्त्वाचं. रेल्वेचे जुने पूल, रेल्वे आणि रस्ता जिथे छेदतात ती जागा, जुन्या चौकांचे कोपरे, तलावाच्या बांधाचं पक्कं टोक. तलावातल्या पाण्याची कड घेऊ नका. फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, सगळ्यांची कड ऋतूप्रमाणे सरकते. रुंदीकरण झालेल्या रस्त्याचा मध्यही चालत नाही. उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब जुन्या कागदावर असणारच नाहीत, त्यामुळे तो मोह आपोआप टळतो.

आधी पहिल्या घाताने करा आणि प्रत्येक बिंदूची उरलेली चूक, म्हणजे रेसिड्युअल, पाहा. १:१०,००० वर ३०० डीपीआय म्हणजे १ पिक्सेल साधारण ८५ सेंटिमीटर. १० बिंदूंची चूक ५-६ पिक्सेल आणि एकाची ६० असेल तर तो बिंदू चुकीचा टोचलाय, काढा. सगळ्यांचीच ३०-४० असेल आणि घडीच्या दोन बाजूंना उलट दिशेने असेल, तर कागदच ताणलाय. तेव्हा थिन प्लेट स्प्लाइन, पण बिंदू २० च्या वर. स्प्लाइनमध्ये चूक शून्य दिसते, ती शाबासकी समजू नका. ते प्रत्येक बिंदूला ओढूनताणून जागेवर बसवतं, चुकीच्या बिंदूलाही. म्हणून ४-५ बिंदू बाजूला ठेवा, जुळवणीत वापरू नका आणि शेवटी त्यांच्यावर तपासा.

पेनाची १ मिलिमीटर जाडीची रेघ या प्रमाणावर १० मीटर होते. नाला या घराखालून जातो की त्या घराखालून, हे या कागदावरून सांगायला जाऊ नका. लेयरच्या वर्णनात तसं लिहूनच ठेवा, नाही तर लोक तुमचा नकाशा घेऊन भांडतील.

कडेला अंशांची जाळी छापलेली असेल आणि कागद सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून उतरवलेला असेल, तर ते अंश एव्हरेस्ट आधाराचे, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावरचे, असण्याची शक्यता जास्त. ते आकडे सरळ ४३२६ म्हणून टाकले तर नागपूरकडे दीडशे मीटरच्या वर सरक येते. क्यूजीआयएसच्या यादीत कलियानपूर १९७५ निवडलं की तो फरक ते स्वतः काढतं.

खर्राबंद

कागद बसला की टाइल. क्यूजीआयएसच्या टूलबॉक्समध्ये 'जनरेट एक्सवायझेड टाइल्स, डिरेक्टरी'. झूम १२ ते १७ द्या, १८ नको. हिशेब असा: नागपूरच्या अक्षांशावर झूम १७ ची एक टाइल २८५ मीटरची, तिच्या २५६ पिक्सेलमध्ये एक पिक्सेल १.१ मीटर. तुमचा स्कॅन ८५ सेंटिमीटरचा, म्हणजे १७ वर जवळपास सगळं दिसून गेलं. १८ वर फक्त तेच चित्र फुगवून मिळते.

२० बाय २० किलोमीटरला झूम १७ च्या ४,९०० टाइल, १२ ते १७ मिळून साडेसहा हजार. १८ जोडलं की आणखी वीस हजार. १५ केबी सरासरी धरली तरी १०० एमबीचे ४०० होतात. काहून?

फॉरमॅट पीएनजी, पार्श्वभूमी पारदर्शक. जेपीजी केलं तर कागदाबाहेरचा भाग पांढरा येऊन खालचा नकाशा झाकतो.

पीलीनदी

टाइल लावल्यावर काहीच दिसलं नाही तर घाबरू नका, वरचा-खालचा उलटला असेल. टाइलच्या क्रमांकाच्या दोन पद्धती आहेत. एक्सवायझेडमध्ये वाय वरून खाली मोजतात, टीएमएसमध्ये खालून वर. झूम १२ ला नागपूरची टाइल एक्स २९४७, वाय १८०१. टीएमएसमध्ये तीच वाय २२९४ होते, कारण ४०९५ वजा १८०१. फोल्डर उघडून पाहा, आतल्या फाइलची नावं १८०० च्या आसपास आहेत की २२९० च्या. २२९० ची असतील तर यूमॅपमध्ये टीएमएसची खूण करा. नाही केली तर तुमचे नाले विषुववृत्ताच्या पलीकडे, हिंदी महासागरात, तेवढ्याच अंतरावर वाहत असतात.

कमांड लाइनवरून जीडीएएल या नकाशा-सॉफ्टवेअरचं टाइल साधन वापरणाऱ्यांचं हे हमखास होतं. ते मुळात टीएमएस काढतं, एक्सवायझेड वेगळं मागावं लागतं.

टाइल ठेवायला गिटहब पेजेस पुरतं, मर्यादा १ जीबी. यूमॅपमध्ये 'कस्टम बॅकग्राउंड' ऐवजी 'कस्टम ओव्हरले' मध्ये लिंक टाका आणि पारदर्शकता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे खालचे आजचे रस्ते दिसतात.

फुटाळाकाठ

ओव्हरले दिसला! १८०१ च होतं. आता शेवटचं मोठं काम, चार जणांच्या नोंदी. गूगल ड्राइव्हवर सीएसव्ही ठेवून तिची शेअर लिंक रिमोट डेटामध्ये टाकली, पण लेयर रिकामा.

पीलीनदी

ड्राइव्हची शेअर लिंक फाइल देत नाही, फाइल दाखवणारं पान देते. नकाशाला पान नको, फाइल हवी.

गूगल शीटमध्ये 'फाइल, शेअर, पब्लिश टू वेब' मध्ये जा, एकच टॅब निवडा आणि फॉरमॅट सीएसव्ही करा. ती लिंक यूमॅपच्या रिमोट डेटात, फॉरमॅट सीएसव्ही, आणि 'प्रॉक्सी' ची खूण चालू. प्रॉक्सी अशासाठी की ब्राउझर एका संकेतस्थळावरून दुसरीकडची फाइल उचलताना त्या सर्व्हरची परवानगी पाहतो, तिला कॉर्स म्हणतात. परवानगी नसेल तर फाइल येऊनही ब्राउझर ती नकाशाच्या हातात देत नाही. लेयर रिकामा राहतो आणि पानावर कारण दिसत नाही. एफ १२ दाबून कन्सोलमध्ये पाहिलं की दिसतं. प्रॉक्सी लावला की यूमॅपचा सर्व्हर फाइल आणून देतो.

प्रॉक्सीची साठवण पाच मिनिटांवर ठेवा. शीटचं प्रकाशित रूपही बदलायला काही मिनिटं घेतं, तेव्हा नोंद टाकल्यावर दहा मिनिटं धीर धरा, पुन्हा पुन्हा तीच नोंद टाकू नका.

कॉलमची नावं रोमन लिपीत लॅट आणि लॉन, लहान अक्षरांत. 'अक्षांश' लिहिलंत तर यूमॅप ओळखणार नाही.

लिंक एचटीटीपीएस हवी. साधी एचटीटीपी असेल तर ब्राउझर गुपचूप अडवतो.

संत्राबर्फी

चार जणांना थेट शीटमध्ये आकडे टाइप करायला लावू नका, पुन्हा बर्फात जाल. गूगल फॉर्म स्वतःहून जागा टिपत नाही. कोबोकलेक्ट या फोनवर नोंदी घ्यायच्या ॲपमध्ये जीपीएसचा प्रश्न टाकता येतो आणि नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते. अचूकता ५ ते ८ मीटरवर आली की मगच जतन करायचं, हे चौघांनाही सांगा. महाल-इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत आणि मेट्रोच्या पुलाखाली ती लवकर येत नाही. तिथे पुलाच्या बाहेर येऊन नोंद घ्या आणि शेऱ्यात लिहा.

कोबोमधून जागा एका चौकटीत चार आकडे म्हणूनही येते: अक्षांश, रेखांश, उंची, अचूकता, मध्ये स्पेस. शेजारी सुटे कॉलमही असतात, तेच घ्या. तिसरा आकडा ३१० च्या आसपास दिसला तर ती नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, पाण्याची खोली नव्हे.

खोली सेंटिमीटरमध्ये विचारू नका, कोणी मोजत नाही. १ घोटा, २ गुडघा, ३ कंबर, असे तीनच पर्याय. त्यावर यूमॅपमध्ये वर्गवार रंग देता येतात.

तारीख वर्ष-महिना-दिवस, २०२३-०९-२३ अशी. ०७/०९ लिहिलं की एक्सेलच्या मर्जीवर, ७ सप्टेंबर की ९ जुलै. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून अंबाझरी लेआउट, डागा लेआउटमध्ये पाणी शिरलं. अशा एका रात्रीच्या नोंदी नेहमीच्या साचण्यापासून वेगळ्या काढता आल्या पाहिजेत, आणि ते फक्त तारखेनेच होतं.

नोंदणाऱ्याचं नाव, फोन, घर क्रमांक असलेला टॅब प्रकाशित करायचा नाही. दुसरा टॅब करा, क्वेरी फंक्शनने फक्त हवे ते कॉलम त्यात आणा आणि तोच टॅब प्रकाशित करा. 'कॉलम लपवला आहे' याचा सीएसव्हीवर काही भरवसा धरू नका.

लेंडीतलाव

झोननिहाय संख्या काढून झोन रंगवता येतील का? जास्त जागा तिथे गडद.

चव्वेचाळीस_उत्तर

येतील. क्यूजीआयएसमध्ये 'काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन'. जोडणी जागेवरून होऊ द्या, नावावरून नको. 'लक्ष्मीनगर' आणि 'लक्ष्मी नगर', 'सीताबर्डी' आणि 'सिताबर्डी' आणि नुसतं 'बर्डी', संगणकाला हे सगळे वेगळे. नावावरून जोडायचंच असेल तर झोनला १ ते १० क्रमांक द्या आणि क्रमांकावर जोडा.

पण मी रंगवणार नाही. चार नोंदणारे ज्या भागात राहतात तिथे नोंदी जास्त, हे त्यातून दिसेल, पाणी नाही.

लेंडीतलाव

मग क्षेत्रफळाने भागलं तर? दर चौरस किलोमीटरला किती.

चव्वेचाळीस_उत्तर

झोनचा लहान-मोठेपणा जाईल, नोंदणाऱ्यांचा पत्ता तसाच राहील. त्यापेक्षा दर झोनमध्ये एकाच पावसानंतर ठरावीक जागा फिरून पाहिल्या, पाणी नव्हतं तीही नोंद केली, तर भागाकाराला अर्थ आहे. 'नव्हतं' साठी कोड ० ठेवा, चौकट रिकामी नको. क्षेत्रफळ काढलंत तर ३२६४४ मध्ये काढा. ३८५७ मध्ये काढलं तर नागपूरला ते खऱ्यापेक्षा १५ टक्के जास्त येतं.

फुटाळाकाठ

० ची सूचना घेतली. स्कॅनवरून नाल्यांच्या रेषा काढायला बसलोय. काही ध्यानात ठेवायचं?

टाचणी

प्रत्येक रेघ वाहण्याच्या दिशेने काढा, उगमाकडून सुरुवात. नाग नदी अंबाझरीच्या बाजूने सुरू करून पूर्वेकडे. आत्ता फरक दिसणार नाही, पण नंतर बाण लावायचे झाले तर रेषेच्या क्रमावरूनच लागतात, आणि शंभर रेषा एकेक उलटवायला कोणाला वेळ असतो?

स्नॅपिंग चालू ठेवा, १० पिक्सेल. उपनाला मुख्य नाल्याला टेकलेला दिसतो आणि आत १ मीटरची फट असते, मग वरून खाली पाणी कुठे जातं ते कोणतंही साधन शोधू शकत नाही. जिथे नाला झाकून वर रस्ता केलाय तिथे रेघ तोडून वेगळा तुकडा करा आणि 'झाकलेला' असा प्रकार द्या. गूगलचं उपग्रह चित्र खाली ठेवून काढलेल्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चढवता येत नाहीत, परवाना बसत नाही. पुढे तिथे देण्याचा विचार असेल तर आधीपासून त्यांच्या एडिटरमध्ये मिळणारी चित्रंच वापरा.

पीलीनदी

आणि फाइल बदलूनही नकाशावर जुन्याच रेषा दिसल्या तर पुन्हा काढत बसू नका. ब्राउझरने जुनी फाइल साठवलेली असते. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून पुढे आवृत्तीचा आकडा जोडा, दर बदलाला एकने वाढवा.

फुटाळाकाठ

हेच झालं होतं आत्ता. तीन वेळा पुन्हा चढवली फाइल. 🙏